उजेड पाडणारा माणूस

एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत उतरलेला माझा नवरा
निवृत्त झाला, आणि परत जमिनीखालीच गेला.
आमच्याच घराच्या. तेरा पायऱ्या.

सडबरीत नोव्हेंबर. साडेचारलाच दिवस आवरतं घेतो.
वाइनोनं जुन्या स्की हलवल्या,
माझ्या मुरंब्याच्या बरण्या दुसऱ्या भिंतीला लावल्या
आणि मधे उभा केला एक काळा तंबू,
आतून चांदीसारखा. चार फूट बाय चार फूट.
लेक फोनवर म्हणाली, आता काय उजेड पाडतायत बाबा?
मी म्हटलं, अगं, खरंच पाडतायत.

गांजाची चार रोपं. कायद्यानं मोजून चार.
त्यांना त्यानं शिफ्टमधल्या दोस्तांची नावं दिली:
उर्हो, गॅस्टन, स्टॅन्को, पीट.
मी म्हटलं, अरे, कळ्या माद्यांना धरतात.
तो म्हणाला, दोस्तांना चालेल.

हवेचं मला काही शिकवायला येऊ नकोस, असं तो म्हणतो,
आणि ते खरंय.
गार हवा खालून आत, गरम वरून बाहेर,
मधे कोळशाचा डबा, म्हणजे वास शेजारी जाणार नाही.
पंखा बरोबर ओढत असेल तर तंबू पोट आत घेतो,
फोटोसाठी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा.
दिव्याची उंची तो पट्टीनं मोजतच नाही.
शेंड्यावर हात पालथा धरतो,
पाठ तापली की दोरी एक गाठ वर.
त्याच हातानं पूर्वी तो छताचा खडक चाचपायचा,
बोलका आहे की पोकळ.

सहाव्या आठवड्यात गॅस्टन नर निघाला.
नराला ठेवता येत नाही.
वाइनोनं त्याला मुळासकट उपटला, वर्तमानपत्रात गुंडाळला
आणि जेवला नाही.
खरा गॅस्टनही असाच सगळ्यांच्या आधी गेला होता.
त्या दिवसाबद्दल मी कधी विचारलं नाही,
त्यानं कधी सांगितलं नाही,
आणि त्यावर आमचा संसार बरा चालला.

आता फुलोऱ्यासाठी बारा तास अंधार लागतो. सलग.
टाचणीएवढी फट राहिली तरी झाड गोंधळतं म्हणे.
म्हणून तो स्वतः आत बसला, बादली पालथी घालून,
आणि मला सांगितलं, चेन लाव.
मी लावली. पायरीवर बसले.
आतून आवाज: डाव्या शिवणीत एक.
चिकटपट्टी फाटल्याचा आवाज.
खाली एक, वायरीपाशी.
मग पुष्कळ वेळ काहीच नाही. नुसता पंखा.
मग: अजून कुठूनतरी येतोय. पिवळा.
मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराखालून येत होता,
सूप ठेवलेल्या शेगडीवरच्या माझ्याच बल्बचा.
वर जाऊन तो मालवला,
आणि तेरा पायऱ्या भिंतीला धरून उतरले.

आता?
आता नाही, तो म्हणाला. आता बरोबर आहे.
पण बाहेर आला नाही.
कापडाच्या पलीकडून, पंख्याच्या घरघरीत,
तो सांगायला लागला: त्या दिवशी टोपीवरचा दिवा गेला तेव्हा
आधी गॅस्टनची शिट्टी ऐकू येत होती.
कुठली धून होती तेही सांगितलं.
मी मधे बोलले नाही.
माझा हात चेनवर होता, ती ओढावी की नाही कळेना.
वर सूप करपलं.

त्याची फुफ्फुसं खाणीनं केव्हाच ओढून संपवलीत,
तेव्हा धूर बंद. आम्ही लोण्यात शिजवणार,
माझ्या बोटांच्या सांध्यांसाठी आणि त्याच्या झोपेसाठी,
चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच.
तोवर अजून दोन महिने,
वाढलेलं वीजबिल, रोज दमटपणाचा आकडा वहीत,
आणि सकाळी सहाला टायमरची टक्.
बाहेर गुडघाभर बर्फ, मिट्ट काळोख,
आणि आमच्या पायांखाली ऊन पडलेलं असतं.
तो कॉफीचा मग घेऊन खाली जातो.
हल्ली तळघरातून शिट्टी ऐकू येते,
बेसूर, आणि अर्ध्यातच थांबणारी.